कुत्र्यावर स्कंकने फवारा मारला तर: उत्तर अमेरिकेत नव्याने आलेल्या श्वानपालकांसाठी

उत्तर अमेरिकेत घर झाले, घरामागे अंगण आले आणि पाठोपाठ कुत्राही आला, म्हणजे आज ना उद्या स्कंकशी गाठ पडणार असे धरून चालावे. काळ्या अंगावर दोन पांढरे पट्टे आणि झुपकेदार शेपूट असलेला हा मांजराएवढा प्राणी दक्षिण कॅनडापासून उत्तर मेक्सिकोपर्यंत आढळतो. त्याला जंगलच लागते असे नाही. न्यू जर्सीतील वसाहती, शिकागोची उपनगरे, कॅलिफोर्नियाचा बे एरिया, टोरोंटो आणि मिसिसागा अशा ज्या भागांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, तेथे तो घरांच्या डेकखाली बिळे करतो आणि रात्री हिरवळ उकरून अळ्या खातो. भारतात हा प्राणी नाही. त्याच्या कुळातले आशियाई भाऊबंद फक्त इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि आसपासच्या बेटांवर आहेत. त्यामुळे येथे नव्याने आलेल्या माणसाकडे या प्रसंगासाठी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला कोणताही तोडगा नसतो, आणि रात्री अकरा वाजता कुत्रा डोळे चोळत, लाळ गाळत दाराशी येऊन उभा राहिला की पहिल्या दहा मिनिटांत नेमके नको ते घडते.

स्कंक उगाच फवारा मारत नाही. त्याच्या गुदद्वाराशी असलेल्या दोन ग्रंथींत साधारण 15 मिलिलिटर द्रव साठतो. काही फवाऱ्यांत तो संपला की पुन्हा भरायला आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो, म्हणून तो जपून वापरण्याकडेच या प्राण्याचा कल असतो. आधी तो पुढचे पाय जमिनीवर आपटतो, फुत्कारतो, शेपूट उभारतो आणि शेवटचा इशारा म्हणून अंग असे वळवतो की तोंड आणि पार्श्वभाग दोन्ही शत्रूकडे येतात. शहाणे प्राणी एवढ्यावर माघार घेतात. कुत्र्याला मात्र हा खेळाचा प्रकार वाटतो, आणि तो नाक पुढे करून हुंगायला जातो. म्हणूनच बहुतेक वेळा फवारा बसतो तो थेट तोंडावर, डोळ्यांत आणि छातीवर. नेम तीन मीटरपर्यंत सहज लागतो.

हा द्रव पिवळसर आणि तेलकट असतो. त्यातला वास थायॉल या गंधकयुक्त संयुगांचा असतो. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून भारतात सिलिंडरमध्ये जे इथाइल मर्कॅप्टन मिसळतात, ते याच गटातले. पुष्कळ नवख्यांना पहिल्यांदा हा वास आला की घरात गॅस गळत असल्याची शंका येते ती त्यामुळेच. (कुत्रा घरात कोरडा आणि निवांत झोपला असेल आणि वास मात्र स्वयंपाकघरातून येत असेल, तर ती शंका खरी मानून घराबाहेर पडावे आणि बाहेरूनच गॅस कंपनीला फोन करावा.) माणसाच्या नाकाला हे थायॉल हवेच्या अब्ज भागांत दहा भाग इतक्या अल्प प्रमाणातही कळतात. कॅलिफोर्नियातील हम्बोल्ट स्टेट विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम वुड यांनी 1990 मध्ये पट्टेरी स्कंकच्या स्रावाचे पृथक्करण प्रसिद्ध केले, त्यात थायॉलखेरीज त्यांचे अॅसिटेटही आढळले. या अॅसिटेटना सुरुवातीला फारसा वास नसतो, परंतु पाण्याशी संपर्क आला की ते हळूहळू थायॉलमध्ये बदलतात. कुत्रा स्वच्छ झाला असे समजावे, आणि पंधरा दिवसांनी पावसात भिजून आल्यावर त्याच्या अंगाला पुन्हा तोच दर्प यावा, याचे कारण हे आहे.

या रसायनशास्त्रातून सगळी कृती निघते. द्रव तेलकट असल्याने नुसते पाणी ओतले की तो पसरतो आणि केसांच्या मुळाशी उतरतो, लोणच्याचे तेल सांडल्यावर ओल्या फडक्याने पुसले तर होते तसे. वास झाकणारा सुगंध थायॉलला काही करू शकत नाही, कारण थायॉल तेथेच असतो. त्याचे रासायनिक रूपांतर करूनच तो नाहीसा होतो. आणि हे रूपांतर द्रव केसांवर सुकून मुरण्याआधी, म्हणजे पहिल्या एक-दोन तासांत केले तर सोपे जाते.

पहिली काही मिनिटे

कुत्र्याला घरात घेऊ नये. दार उघडताच तो आत धावतो आणि गालिच्यावर, सोफ्यावर, आपल्या अंथरुणावर तोंड घासून ते तेल तेथे पुसतो. मग एका कुत्र्याऐवजी सारे घर धुण्याची पाळी येते. त्याला बाहेरच पट्टा अडकवून एका जागी बांधावे किंवा कोणाला तरी धरायला सांगावे, आणि लागणारे साहित्य दुसऱ्याने आणून द्यावे. उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून काही महिन्यांसाठी आलेले असतील तर त्यांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवणे इष्ट, कारण रात्री कुत्रा कळवळत दार खरवडू लागला की दयेपोटी दार उघडले जाते. घराची खेळती हवा यंत्राने फिरवणारा पंखा किंवा फर्नेस चालू असेल तर तो तात्पुरता बंद करावा, नाहीतर दाराशी आलेला वास प्रत्येक खोलीत पोचतो.

स्वतः जुने कपडे आणि रबरी हातमोजे घालावेत. हातमोजे वासासाठी आहेतच, पण त्याहून महत्त्वाचे कारण रेबीजचे आहे. फवाऱ्यातून रेबीज पसरत नाही. तो पसरतो लाळेतून, आणि स्कंक हा उत्तर अमेरिकेतील रेबीजच्या प्रमुख वाहकांपैकी एक आहे. झटापट झाली असेल तर कुत्र्याच्या अंगावर स्कंकची लाळ असू शकते. म्हणून अंघोळीआधी विजेरीच्या उजेडात तोंड, कान, मान आणि पाय नीट पाहावेत. दातांच्या किंवा नखांच्या खुणा दिसल्या तर तो प्रसंग केवळ दुर्गंधीचा राहत नाही. अशा वेळी काय करावे ते पुढे सांगितले आहे.

त्यानंतर डोळे. वास घालवण्याआधी डोळेच, असे मी आग्रहाने सांगेन, कारण वासाच्या गडबडीत ते राहून जातात. कुत्रा डोळे मिटून घेत असेल, पंजाने चोळत असेल, डोळे लाल होऊन पाणी गळत असेल, तर फवारा डोळ्यांत गेला आहे. औषधांच्या दुकानात मिळणारे डोळे धुण्याचे निर्जंतुक सलाइन असेल तर उत्तम. नसेल तर कोमट स्वच्छ पाण्याची बारीक धार दोन्ही डोळ्यांवर काही मिनिटे सोडत राहावी. धार नाकाकडून कानाच्या दिशेने जाईल असे डोके तिरपे धरावे, म्हणजे एका डोळ्यातले पाणी दुसऱ्यात जात नाही. केसांवर थेट पाणी नको हे खरे, पण डोळ्यांसाठी हा अपवाद करावाच लागतो. डोळ्यांची आग बहुधा काही तासांत ओसरते. दुसऱ्या दिवशीही कुत्रा डोळा उघडत नसेल किंवा बुबुळावर ढगाळ झाक दिसत असेल तर पशुवैद्याकडे न्यावे.

मिश्रण कसे करावे

सध्या सर्वत्र वापरला जाणारा उपाय इलिनॉयमधील रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रेबॉम यांचा आहे. प्रयोगशाळेत हायड्रोजन सल्फाइडचा वास मारण्यासाठी ते अल्कधर्मी पेरॉक्साइड वापरत असत. एका सहकाऱ्याच्या मांजरावर स्कंकने फवारा मारला तेव्हा त्याच तत्त्वावर त्यांनी एक सौम्य मिश्रण सुचवले, आणि 1993 मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीच्या साप्ताहिकात छापून आले. मिश्रणातील तिन्ही वस्तू किराणा किंवा औषधांच्या दुकानात मिळतात:

3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड, 1 क्वार्ट, म्हणजे सुमारे 946 मिलिलिटर.
खाण्याचा सोडा, पाव कप.
भांडी घासण्याचा द्रव साबण, 1 ते 2 चहाचे चमचे.

प्रत्येक वस्तूच्या निवडीत चूक होण्यास जागा आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पेरॉक्साइड 3 टक्क्यांचेच हवे. ते औषधांच्या दुकानात तपकिरी बाटलीत जखमांच्या औषधांजवळ ठेवलेले असते, आणि बाटलीवर टक्केवारी लिहिलेली असते. केस रंगवण्यासाठी मिळणारे 6 किंवा 12 टक्क्यांचे आणि साफसफाईसाठी मिळणारे त्याहून तीव्र पेरॉक्साइड कुत्र्याची कातडी भाजते. उघडून बरेच महिने झालेली बाटली निकामी झालेली असू शकते. थोडे सिंकमध्ये ओतून पाहावे. फेसाळले नाही तर नवी बाटली आणावी. सोड्याच्या बाबतीत आपल्याकडच्या माणसाचा घोटाळा होण्याचा संभव अधिक आहे, कारण घरात खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा दोन्ही असू शकतात, आणि येथे एकाच कंपनीची एकसारख्या रंगाची खोकी दोन्हींसाठी असतात. धुण्याचा सोडा फार दाहक असतो. तो कुत्र्याच्या अंगाला लावू नये. ढोकळ्यात आपण जो घालतो तोच सोडा हवा. बेकिंग पावडर नको, तसेच इनोसारख्या फ्रूट सॉल्टची पुडीही नको, कारण या दोन्हींत आम्ल मिसळलेले असते आणि ते सोड्याचा अल्कधर्म मारून टाकते. साबण साधा असावा. जंतुनाशक, ब्लीच किंवा अमोनिया असलेला नसावा.

या तिघांची कामे वाटलेली आहेत. साबण तेल केसांपासून सोडवतो, सोडा मिश्रण अल्कधर्मी करून थायॉलला प्रतिक्रियेसाठी तयार करतो, आणि पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन त्या गंधकाला जोडला जाऊन त्याचे पाण्यात विरघळणाऱ्या, वास नसलेल्या संयुगात रूपांतर करतो. एक जरी घटक वगळला तरी परिणाम निम्म्यावर येतो.

मिश्रण उघड्या प्लास्टिकच्या बादलीत करावे, आणि कुत्रा समोर तयार असताना, अगदी शेवटच्या क्षणी करावे. सोडा पडताच पेरॉक्साइड ऑक्सिजन सोडू लागते. त्याची ताकद काही मिनिटांतच उतरू लागते, आणि बाटलीत भरून बूच लावले तर आतल्या दाबाने बाटली फुटते. हे मिश्रण तयार स्वरूपात कोणत्याही दुकानात बाटलीबंद मिळत नाही याचे कारणही तेच आहे. उरलेले मिश्रण पुढच्या वेळेसाठी ठेवायचे नसते. भरपूर पाण्याबरोबर मोरीत ओतून द्यावे. लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या कुत्र्याला एवढे पुरत नाही. त्याच्यासाठी मिश्रणात आणखी एक क्वार्ट कोमट पाणी घालता येते, परंतु तोंड-छातीसारखे जास्त भरलेले भाग आधी न पातळ केलेल्या मिश्रणाने धुवावेत, अथवा सरळ दोन वेळा मिश्रण करावे. माझ्या मते दुसरा मार्ग बरा.

प्रत्यक्ष अंघोळ

कुत्र्याचे अंग शक्यतो कोरडे असतानाच मिश्रण लावायला घ्यावे. फवारा कोठे बसला आहे हे आधी शोधावे, कारण तो क्वचितच सर्वांगावर असतो. केसांवर पिवळसर तेलकट थेंब किंवा चिकट झालेले झुपके दिसतात. दिसत नसतील तर भाग भाग करून हुंगण्यावाचून गत्यंतर नाही, आणि हे काम ज्याचे नाक अजून थकलेले नाही अशा माणसाला द्यावे. जास्त भरलेल्या भागापासून सुरुवात करून मिश्रण हाताने किंवा स्पंजने केसांच्या विरुद्ध दिशेने चोळत मुळापर्यंत पोचवावे. साबणाचा भरघोस फेस होण्याची वाट पाहू नये. या मिश्रणाचा फेस पातळ आणि बारीक असतो, आणि केसांत बोटे फिरवताना त्याची हलकी चुरचुर कानाला ऐकू येते. तेल जेथे जास्त असते तेथला वास काही मिनिटांत लसणाच्या जळकट दर्पावरून ओल्या केसांच्या साध्या वासावर येतो, आणि हा बदल चांगलाच जाणवतो.

चेहऱ्याला सर्वात अधिक वेळ द्यावा लागतो, आणि तेथेच सर्वात अधिक जपावे लागते. पेरॉक्साइड डोळ्यांत गेले तर बुबुळाला जखम होऊ शकते. म्हणून तोंडावर मिश्रण ओतू नये. लहान पंचा किंवा फडके त्यात बुडवून, पिळून, ओठांच्या कडा, हनुवटी, गाल, कानांची बाहेरची बाजू आणि दोन डोळ्यांच्या मधली पट्टी अशा क्रमाने पुसत जावे. त्या वेळी एका हाताने डोळ्यांवर आडोसा धरावा. कपाळावरून ओघळ खाली येणार नाही याची खात्री असेल तरच भुवयांच्या जवळ जावे. नाकाच्या शेंड्यावरच्या कातडीला आणि कानाच्या आत काही लावू नये. बुलडॉग किंवा पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या घड्यांत तेल अडकून बसते. त्या घड्या बोटाने उलगडून फडक्याने पुसाव्यात आणि नंतर स्वच्छ पाण्याच्या फडक्याने तितक्याच काळजीने पुसून कोरड्या कराव्यात. जखम, ओरखडा किंवा आधीचा त्वचारोग असलेल्या जागी हे मिश्रण वापरू नये.

कुत्र्याला मिश्रण चाटू देऊ नये, कारण पोटात गेलेले पेरॉक्साइड उलटी करवते. एकाने खाण्याचा मोह दाखवून तोंड वर धरायला लावले आणि दुसऱ्याने चोळले तर काम नीट होते. एकट्याने हे करणे कठीण आहे. मिश्रण अंगावर सुमारे पाच मिनिटे राहू द्यावे. वास फारच असेल तर थोडे अधिक, पण तासभर ठेवण्याचा उपयोग नाही, आणि काळ्या किंवा गडद तपकिरी कुत्र्याच्या केसांचा रंग त्यामुळे उतरू शकतो. तो परिणाम कायमचा नसतो. नवे केस मूळच्या रंगाचेच येतात.

मग कोमट पाण्याने भरपूर धुवावे. थंड पाण्याने तेल नीट सुटत नाही, आणि गरम पाण्याने कुत्रा बिथरतो. पाणी स्वच्छ वाहू लागले तरी आणखी थोडा वेळ धार चालू ठेवावी, विशेषतः पोटाखाली आणि काखेत, कारण उरलेल्या मिश्रणाने तेथे खाज सुटते. त्यानंतर कुत्र्यांच्या नेहमीच्या शाम्पूने एकदा धुऊन जुन्या टॉवेलने खसखसून पुसावे. वास अजून जाणवत असेल तर त्याच रात्री दुसऱ्यांदा मिश्रण करून लावता येते. त्यानंतर मात्र एक-दोन दिवस थांबावे, कारण वारंवार लावल्याने कातडी कोरडी पडते.

ही सगळी कृती अंगणात करणे उत्तम, परंतु स्कंकचा मीलनाचा हंगाम फेब्रुवारीतच सुरू होतो आणि मिनेसोटात किंवा ओंटारियोत फेब्रुवारीच्या रात्री अंगणात ओला कुत्रा उभा करता येत नाही. अशा वेळी त्याला जुन्या चादरीत गुंडाळून, उचलून, थेट बाथटबमध्ये न्यावे; बाथरूमचे दार आतून लावून घ्यावे आणि खिडकी किंवा बाहेर हवा फेकणारा पंखा चालू ठेवावा. लहान मुलांना बाहेर ठेवावे. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनाही हाच मार्ग आहे, फक्त लिफ्टऐवजी जिन्याने गेल्यास शेजाऱ्यांशी संबंध चांगले राहतात.

काय वापरू नये

टोमॅटोच्या रसाने वास जातो ही कथा येथे घरोघर सांगितली जाते, आणि आपल्या लोकांनाही ती पटते, कारण पितळेची भांडी चिंचेने घासण्याचा अनुभव पाठीशी असतो. टोमॅटोचे आम्ल थायॉलचे काही बिघडवू शकत नाही. घडते ते असे, की एकच तीव्र वास सतत घेऊन नाक त्या वासापुरते बधिर होते आणि टोमॅटोचा नवा वास तेवढा जाणवतो. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र दोन्ही वास येतात. दही, लिंबू, बेसन आणि शिकेकाई यांचेही तेच. त्यांनी अपाय फारसा होत नाही, पण उपायाची वेळ निघून जाते.

याहून गंभीर गोष्ट घरातल्या जंतुनाशकांची आहे. अंघोळीच्या पाण्यात डेटॉलचे टोपण ओतण्याची सवय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. कुत्र्यासाठी ती मोडावी. फिनॉल वर्गातली ही द्रव्ये कातडीला चुरचुरतात, आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा ती पोटात जातात. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी ठरू शकते. कापूरही पोटात गेल्यास विषारी आहे, म्हणून तेलात कापूर घालून चोळणे किंवा त्याच्या अंथरुणात कापराच्या वड्या ठेवणे टाळावे. कपडे धुण्याचा ब्लीच प्राण्याच्या अंगाला कदापि लावू नये. दुकानात स्कंकच्या वासासाठी तयार शाम्पू आणि फवारे मिळतात. रात्री पेरॉक्साइड घरात नसेल तर ते ठीक आहेत, बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे वापरावेत. तरीही पेरॉक्साइडच्या दोन न उघडलेल्या बाटल्या, सोड्याचे एक खोके आणि हातमोजे एका पिशवीत बांधून गॅरेजमध्ये टांगून ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते. पिशवीवर मुदतीची तारीख लिहून ठेवावी.

पुढचे दोन-तीन दिवस

फवारा बसल्यावर शिंका, लाळ, एखादी उलटी आणि चिडचिड हे सर्व होऊ शकते, आणि ते बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबते. क्वचित, विशेषतः अडचणीच्या जागी अगदी जवळून भरपूर फवारा बसला असेल तर, ही गंधकसंयुगे रक्तातील तांबड्या पेशींना इजा करतात. त्याची लक्षणे लगेच दिसत नाहीत. काही तासांपासून काही दिवसांपर्यंतच्या काळात कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिक्या किंवा तपकिरी दिसतात, लघवी गडद लाल-तपकिरी होते, श्वास जलद चालतो. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकीय इमर्जन्सी दवाखाना गाठावा, आणि फवारा बसल्याची वेळ सांगावी. एएसपीसीए या अमेरिकेतील प्राणीसंरक्षण संस्थेचे प्राणी-विषबाधा केंद्र फोनवरून चोवीस तास सल्ला देते. त्यासाठी शुल्क लागू शकते.

चावा किंवा ओरखडा आढळला असेल तर वासाकडे दुर्लक्ष करून आधी हातमोजे घालून जखम साबण-पाण्याने चांगली धुवावी आणि त्याच दिवशी पशुवैद्याला कळवावे. रेबीजची लस वेळेवर घेतलेल्या कुत्र्यालाही अशा वेळी बूस्टर देतात आणि काही काळ त्याच्यावर नजर ठेवायला सांगतात. लस घेतलेली नसेल तर आरोग्य खात्याचे नियम बरेच कडक आहेत, आणि मालकाला ते जड जातात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत कुत्र्याला ही लस देणे कायद्याने बंधनकारक आहे. भारतातून कुत्रा आणला असेल तर तेथली कागदपत्रे येथल्या पशुवैद्याला दाखवून पुढच्या लसीची तारीख नक्की करून घ्यावी. माणसाला स्कंकने चावा घेतला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरकडे जावे. येथे उशीर चालत नाही.

घर आणि कपडे

कुत्रा आत शिरलाच असेल तर ज्या वस्तूंना त्याचे अंग लागले त्या आधी वेगळ्या काढाव्यात. धुता येणारे कपडे आणि पांघरुणे नेहमीच्या साबणात अर्धा कप खाण्याचा सोडा घालून, कापड सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुवावीत आणि वास गेल्याची खात्री होईपर्यंत ड्रायरमध्ये घालू नयेत; उन्हात वाळत घालावीत. पांढऱ्या सुती कापडावर कुत्र्याचे मिश्रण चालते, रंगीत कापडाचा रंग मात्र जाऊ शकतो. नायलॉनचा पट्टा त्याच मिश्रणात बुडवून धुता येतो. चामड्याचा पट्टा टाकून द्यावा, त्यातला वास निघत नाही. फरशी, काँक्रीट, डेकच्या फळ्या यांवर पाण्यात मिसळलेला ब्लीच चालतो, पण रंग उतरण्याचा धोका पत्करून, आणि कुत्रा तेथे नसताना. ब्लीचमध्ये अमोनिया, व्हिनेगर किंवा पेरॉक्साइड कधीही मिसळू नये; पहिल्या दोहोंतून घातक वायू निघतात, आणि पेरॉक्साइडशी ब्लीचची जोरदार प्रतिक्रिया होते. उदबत्ती आणि धूप लावून पाहण्यास हरकत नाही, परंतु त्याने खोलीला चंदन आणि स्कंक या दोहोंचा एकत्र वास येतो, एवढेच. खिडक्या उघडून हवा खेळती ठेवणे अधिक परिणामकारक आहे.

पुन्हा गाठ पडू नये म्हणून

स्कंक मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत फिरतो. त्या वेळेत कुत्र्याला अंगणात मोकळे सोडू नये. आधी बाहेरचा दिवा लावावा, दार वाजवावे, मोठ्याने बोलावे, मिनिटभर थांबावे आणि मग पट्टा लावून बाहेर न्यावे. स्कंकची नजर अधू असते, पण त्याला ऐकू चांगले येते, आणि वेळ मिळाला तर तो आपण होऊन निघून जातो. समोर आलाच तर कुत्र्याला ओरडून बोलावण्यापेक्षा पट्टा आखडून शांतपणे मागे सरावे. दिवसा दिसलेला प्रत्येक स्कंक पिसाळलेला नसतो, कारण पिल्ले असलेली मादी दिवसाही अन्न शोधते. मात्र झोकांड्या खाणारा, विनाकारण अंगावर येणारा किंवा अर्धांग झाल्यासारखा दिसणारा प्राणी असेल तर शहराच्या प्राणी-नियंत्रण विभागाला कळवावे. पुष्कळ शहरांत त्यासाठी 311 क्रमांक चालतो.

कचऱ्याच्या डब्याची झाकणे घट्ट असावीत, कुत्र्याचे अन्न रात्री बाहेर राहू नये, पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांचा खाली पडलेला सडा झाडून घ्यावा. हिरवळीत शंकूसारखे लहान लहान खड्डे दिसू लागले तर तेथे अळ्या झाल्या आहेत आणि स्कंक रात्री त्यांच्यासाठी येतो, असे समजावे.

डेक किंवा पायऱ्यांखालची जागा जाळी लावून बंद करणे हाच खरा बंदोबस्त. जाळी जाड तारेची असावी, ती जमिनीत किमान एक फूट खोल पुरावी आणि तिची खालची कड बाहेरच्या बाजूला वळवावी, म्हणजे उकरून आत जाता येत नाही. तत्पूर्वी आत कोणी राहते की नाही हे पाहावे लागते: बिळाच्या तोंडाशी सैल कोंबलेले वर्तमानपत्र किंवा पसरलेले पीठ दोन-तीन रात्री तसेच राहिले तर जागा रिकामी आहे. पिल्ले साधारण मे महिन्यात जन्मतात आणि आईबरोबर फिरू लागेपर्यंत उन्हाळा निम्मा सरतो, म्हणून मे ते जुलै या काळात जाळी ठोकू नये. आत अडकलेली पिल्ले मरतात आणि बाहेर राहिलेली आई रोज रात्री अंगणात येत राहते. आत बिऱ्हाड असल्याचे आढळल्यास परवानाधारक वन्यजीव-नियंत्रकाकडून एकाच दिशेने उघडणारे दार बसवून घ्यावे, आई आणि पिल्ले सगळी बाहेर पडल्याची खात्री करावी, आणि मग सप्टेंबरात, जमीन गोठण्याआधी, जाळीचे काम उरकावे.